पॅड नवे, पेडल मात्र तळाला

नवे ब्रेक पॅड बसवून झाले, चाकाचे नट आवळले, जॅक काढला, हात पुसत सीटवर बसलात आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल काहीच विरोध न करता सरळ तळाला गेलं. पोटात गोळा येतोच. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी खाली उतरून चारही चाकांपाशी वाकून पाहिलं होतं, ऑइल कुठे सांडतंय का म्हणून. एक थेंबही नव्हता.

झालं होतं एवढंच: जुने पॅड झिजून पातळ झाले की कॅलिपरचा (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन हळूहळू बाहेर सरकत येतो. नवे जाड पॅड मावावेत म्हणून आपण तो पार आत ढकलतो. मग पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते, आणि पहिल्या एक-दोन दाबांत जेवढं ऑइल पुढे जातं ते सगळं ही फट भरण्यातच संपतं. सावकाश पाच-सात वेळा पेडल मारलं की पिस्टन पुढे येतो, पॅड डिस्कला टेकतात आणि पेडल वर येऊन टणक होतं. तुमचंही तसंच झालं असेल, तर ऑइलची पातळी एकदा बघा आणि मोकळे व्हा. फक्त हे पेडल मारणं इंजिन चालू करून गाडी गिअरमध्ये टाकण्याच्या आधी व्हायला हवं. पॅड बदलून गाडी मागे घेताना भिंतीला टेकवलेली माणसं कमी नाहीत.

एवढं करूनही पेडल नीट वाटत नसेल तर मात्र खरं काम सुरू होतं. आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच सल्ला देतो: "एअर धरली असेल, ब्लीड कर." (ब्लीड करणं म्हणजे चाकापाशी ऑइल सोडून पाइपमधली हवा बाहेर काढणं.) कधीकधी हा सल्ला बरोबर असतो. पण दोन-दोन बाटल्या ऑइल चाकांतून काढून टाकायचं आणि दोष भलतीकडेच सापडायचा, हेही मी पाहिलंय. एकदा तर स्वतः केलंय, ते पुढे सांगतो. पेडल "मऊ" आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. ते कसं मऊ आहे, ते आधी पायाने नीट वाचावं लागतं. चाक पुन्हा उघडायची वेळ त्यानंतर येते.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

पेडल हा एक तरफेचा दांडा आहे. तुमचा पाय चार मिलिमीटर सरकला तर पलीकडचं टोक साधारण एक मिलिमीटर सरकतं. बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाच्या जोराला मदत करणारा डबा) असलेल्या गाड्यांत हे प्रमाण चाराच्या आसपास असतं. बूस्टर नसेल तर सहाच्या आसपास. ते टोक बूस्टरमधून जाऊन मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेकच्या मुख्य पंपाच्या, पिस्टनला ढकलतं, तो ऑइलला ढकलतो आणि ऑइल कॅलिपरच्या पिस्टनला. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे ब्लेझ पास्कलने १७व्या शतकात मांडलं. अख्खी ब्रेकची यंत्रणा त्याच्यावर उभी आहे.

आता आकडे घालून बघू. समजा मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ५४. क्षेत्रफळात हा फरक जवळपास सहापट होतो. म्हणजे चाकापाशी जोर सहापट मिळतो, तरफेचा चारपट धरला तर चोवीसपट, आणि बूस्टरची मदत वर वेगळी. पण जोरात जे कमावलं ते अंतरात फेडावं लागतं. एका कॅलिपरमध्ये कुठेतरी अर्धा मिलिमीटर ढिलाई असली, तर मास्टर सिलिंडरला ती भरायला तीन मिलिमीटर जास्त सरकावं लागतं आणि तुमच्या पायाला १२ मिलिमीटर. पुढच्या दोन्ही चाकांत असेल तर २४. अर्धा मिलिमीटर म्हणजे जेमतेम चार-पाच कागदांची जाडी. आणि पेडल इंचभर खाली गेलं!

त्याच गाडीत पाइपमध्ये एक मिलिलिटर हवा अडकली असेल तर तीही पेडलचे साधारण १० मिलिमीटर खाते. म्हणजे पहिल्या दाबाला हवा आणि ढिलाई यांत पायाला काही फरक कळणार नाही. फरक कळतो तो पुढच्या काही दाबांमध्ये.

पायाला विचारायचे प्रश्न

गाडी सपाट जागेवर, चाकांना अडणी, इंजिन बंद. पेडल आठ-दहा वेळा मारून बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपवा. पेडल कडक लागायला लागेल. इंजिन चालू असताना बूस्टर इतकी मदत करतो की बारकावे झाकले जातात, म्हणून ही तपासणी बूस्टर रिकामा करूनच.

आता एकदा दाबा, सोडा, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबा. दुसऱ्या दाबाला पेडल वर मिळालं आणि दगडासारखं टणक लागलं, पण दहा-पंधरा सेकंद थांबून दाबलं की पुन्हा खालीच, तर ती ढिलाई आहे. लागोपाठ दाबताना पॅड किंवा शू (ड्रम ब्रेकमधले पॅडसारखे तुकडे) पूर्ण मागे जायच्या आत दुसरा दाब येतो, म्हणून पेडल वर मिळतं. हवेचा इथे संबंध नाही आणि कितीही ब्लीडिंग केलंत तरी हे सुधारणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल थोडं वर आलं, पण अजूनही लवचीक, रबरी चेंडू दाबल्यासारखं लागतंय, तर हवा असण्याची शक्यता मोठी. पण इथेही एक बारकावा आहे. हवा दाबाखाली फार लवकर आकसते. दहा बार दाबाला बुडबुडा जवळपास अकराव्या हिश्शाचा होतो, त्यामुळे थोडीशी हवा पेडलचा सुरुवातीचा भाग खाते आणि नंतर पेडल बऱ्यापैकी घट्ट होत जातं. उलट, कुठे धातू वाकत असेल किंवा चाकाकडे जाणारी रबरी नळी, म्हणजे होज, फुगत असेल तर जोर वाढवाल तसं पेडल देतच राहतं.

तिसरा प्रश्न: पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. ते जागेवर राहायला हवं. लिफ्ट उतरल्यासारखं हळूहळू खाली जात असेल तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर गळती असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला, होजच्या जोडाला किंवा मास्टर सिलिंडरच्या मागे ओल दिसेल. ब्रेक ऑइलच्या बाटलीतली (मास्टर सिलिंडरवरच्या टाकीतली) पातळी उतरेल. बाहेर काहीच दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील ऑइल मागच्या मागे सोडतंय. अशा पेडलवर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, "हळू चालवतो" म्हणूनसुद्धा नाही.

चौथा प्रश्न इंजिन चालू करताना. पाय पेडलवर दाबून ठेवा आणि गाडी स्टार्ट करा. पेडल थोडंसं खाली सरकेल. बरेच जण हाच दोष समजून घाबरतात. उलट बूस्टर काम करतोय याची ती खूण आहे. सरकलंच नाही तर काळजी.

नुकतं काय बदललं, त्यावर संशय आधी

काल ब्रेक ठीक होते आणि आज नाहीत, तर मधल्या वेळात ज्या वस्तूला हात लागला तिच्यावर पहिला संशय घ्यायचा. हे ऐकायला सरळ वाटतं, पण आपण बसवलेली नवी वस्तू बरोबरच असणार आणि दोष जुन्याच कुठल्या तरी भागात असणार, असं मन आपल्याला पटवत असतं.

माझा कबुलीजबाब इथेच देतो. एकदा पुढचे दोन्ही कॅलिपर बदलले आणि पेडल स्पंजी झालं. ब्लीड केलं, पुन्हा केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला पेडलवर बसवून तिसऱ्यांदा केलं. निपलमधून (हवा काढायच्या छोट्या झडपेतून) स्वच्छ ऑइल येत होतं, बुडबुडा एक नाही, तरी पेडल तसंच. दुपारी चाकाच्या मागे सावलीत बसलो असताना सहज नजर गेली: ब्लीडर निपल कॅलिपरच्या खालच्या बाजूला होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट बसतात, होज लागते, सगळं जमतं. पण हवा वर चढते आणि निपल खाली, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या कोपऱ्यात अडकलेला बुडबुडा जन्मात बाहेर यायचा नाही. निपल नेहमी वर. आता कॅलिपर हातात घेतला की पहिल्यांदा मी निपलकडेच बघतो.

कॅलिपर किंवा होज बदलली असेल तर बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे टाकले का, हेही बघा. जुना वायसर एकदा दबून बसलेला असतो. तो पुन्हा वापरला की तिथून ओल सुटू शकते.

फक्त पॅड बदलले असतील तर पाइपमध्ये हवा शिरायला जागाच नसते. ऑइलची वाट कुठे उघडलीच नाही! (पिस्टन आत ढकलताना निपल उघडलं असेल, किंवा बाटली कोरडी पडू दिली असेल, तर गोष्ट वेगळी.) तेव्हा पॅड बदलल्यानंतरच्या मऊ पेडलमागे बहुतेकदा काहीतरी नीट बसलेलं नसतं. पॅडचे कान कॅलिपरच्या चौकटीत गंजावर अडकून तिरपे राहतात. पॅडमागची पातळ पत्री, म्हणजे शिम, दुमडते किंवा जुनी न काढता तिच्यावर नवी चढवलेली असते. पॅडची लोखंडी पाठ पडून किंचित वाकलेली असते. जुन्या डिस्कला कडेने धार आलेली असते आणि नवा सपाट पॅड त्या धारेवर बसतो, मध्ये पोकळ. या सगळ्यात पेडल दाबलं की आधी पॅड वाकून सरळ होतो, मग ब्रेक लागतो. पायाला ते हुबेहूब हवेसारखं वाटतं. जुन्या धारेवरचे नवे पॅड काही दिवसांत थोडे झिजून जमवून घेतात, तिरपा अडकलेला पॅड मात्र कधीच जमवून घेत नाही. तो एका टोकाला झिजत जातो.

तरंगत्या कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना याच रांगेतल्या. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन सुकली असेल तर कॅलिपर सरकण्याऐवजी पिळतो. पुष्कळ कॅलिपरमध्ये दोन पिना वेगळ्या असतात, एकीच्या टोकाला रबराची बाही असते. त्या अदलाबदल करून बसवल्या तर एक पिन अडकते. पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साधं खनिज तेलाचं ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवतं.

डिस्क बदलली असेल तर हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा) पृष्ठभाग. जुन्या डिस्कच्या जागी हबवर गंजाचे पापुद्रे राहतात आणि नवी डिस्क त्यांच्यावर किंचित कललेली बसते. डिस्क फिरताना डावी-उजवीकडे डोलते. बहुतेक गाड्यांत या डोलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. डिस्क जास्त डोलली तर ती प्रत्येक फेरीला पॅडना थोडं थोडं मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पेडल आधी खाली जातं. चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तरी असंच होतं. ओळखायची खूण सोपी आहे: गाडी उभी असताना पेडल उत्तम, वळणं घेत थोडं अंतर चालवलं की पहिला दाब खोल, दुसरा पुन्हा उत्तम. वायर ब्रशने हब चकचकीत करायला पाच-दहा मिनिटं लागतात. आळस आपण नेमका तिथेच करतो.

मागचे ड्रम, आणि हँडब्रेकचा पिस्टन

मागे ड्रम असतील आणि शू बदलले असतील, तर खोल पेडलचं पहिलं कारण समायोजन. शू आणि ड्रम यांच्यातली फट मोठी राहिली की मागची दोन चाकंच पेडलचा अर्धा प्रवास खातात. दुहेरी दाबाला टणक आणि थांबल्यावर पुन्हा खाली, ही वरची पहिली खूण इथे अगदी चपखल बसते. दातेरी चाक फिरवून शू इतके बाहेर आणायचे की ड्रम हाताने फिरवताना शू हलकेच घासल्याचा आवाज यावा, पण ड्रम अडू नये. आपोआप जुळवणारी यंत्रणा असली तरी ती बारीक फट राखण्यासाठी असते, मोठी फट भरून काढण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नका.

दातेरी चाकाचा स्क्रू डाव्या आणि उजव्या बाजूला अनेकदा उलट आट्यांचा असतो. दोन्ही ड्रम एकदमच उघडले आणि भाग मिसळले तर तो जुळवण्याऐवजी ढिला करत जातो. रोज पेडल थोडं थोडं खाली. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू समोर जोडलेली असते, तीच तुमची आकृती.

मागच्या डिस्क कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर त्यातला पिस्टन नुसता ढकलून आत जात नाही. तो फिरवत आत न्यावा लागतो. जोर लावून ढकलला तर आतली स्क्रूची यंत्रणा बिघडते. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात आणि पॅडच्या पाठीवर एक छोटी गाठ. काही कॅलिपरमध्ये ती गाठ खाचेत बसावी लागते. चुकली तर पॅड त्या गाठीवर डुलत राहतो आणि पेडल कितीही ब्लीड केलं तरी लवचीकच. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर काम सुरू करण्याआधी त्याला सर्व्हिसच्या स्थितीत न्यावं लागतं, बऱ्याच गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं यंत्र) लावून.

आता हवेविषयी

होज, कॅलिपर, व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारा) किंवा मास्टर सिलिंडर उघडला असेल तर हवा शिरलीच आहे असं धरून चाला. कुठल्या चाकापासून ब्लीडिंग सुरू करायचं? "सगळ्यात लांबचं चाक आधी" हा नियम पुष्कळ गाड्यांना चालतो, सगळ्यांना नाही. पाइपची विभागणी काही गाड्यांत पुढची-मागची अशी असते, काहींत तिरपी, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असतो, तोच पाळायचा.

दोघांनी मिळून करायचं तर बोलणं स्पष्ट हवं. पेडलवरच्या माणसाने "दाबलं" म्हणायचं, निपल उघडायचं, ऑइल आणि बुडबुडे नळीतून बाहेर, निपल बंद, आणि मगच "सोड". निपल उघडं असताना पेडल सुटलं की हवा परत आत. बाटलीतली पातळी खाली गेली की तीच गत, आणि मग पहिल्यापासून सुरुवात.

यातच एक सापळा आहे. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचं सील वर्षानुवर्षं सिलिंडरच्या सुरुवातीच्या भागातच मागेपुढे होत असतं. पुढचा भाग न वापरलेला, गाळ आणि गंज साचलेला. ब्लीडिंग करताना आपण पेडल तळापर्यंत दाबतो, सील पहिल्यांदाच त्या खरबरीत भागावरून जातं आणि त्याची कड फाटते. मग गंमत अशी की काम चाकाचं केलं आणि गेला मास्टर सिलिंडर. "पॅड बदलल्यावर पेडल हळूहळू खाली जायला लागलं" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, पेडल तळाला जाणारच नाही.

मास्टर सिलिंडरच बदलला असेल तर तो गाडीला लावण्याआधी बाकावर धरून त्यातली हवा काढतात. त्याच्या तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या बाटलीतच बुडवायच्या आणि पिस्टन सावकाश ढकलत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. हे टाळलं तर सिलिंडरमधली हवा चाकांपर्यंतच्या लांब पाइपांतून काढत बसावं लागतं. शिवाय बूस्टरमधून येणारा दांडा आणि नव्या सिलिंडरचा पिस्टन यांतलं अंतर बघा. दांडा आखूड पडला तर पेडलला वरच्या वर रिकामी चाल येते. लांब पडला तर जास्त वाईट: पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल बाटलीत परतायचं छिद्र झाकलेलंच राहतं, आणि गाडी चालून ऑइल तापून फुगलं की ब्रेक आपोआप लागायला लागतात. पेडल दर किलोमीटरला वर वर आणि कडक होत जातं.

एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांत आणखी एक कोपरा आहे. त्याच्या हायड्रॉलिक युनिटमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांत नुसत्या पेडलने ती निघत नाही. स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह आणि पंप चालवत ब्लीडिंग करावं लागतं. ही वेळ साधारणपणे बाटली पार रिकामी होऊ दिल्यावर किंवा मास्टर सिलिंडर, युनिट बदलल्यावर येते.

ऑइलबद्दल थोडक्यात. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या ब्रेक ऑइलच्या प्रती ग्लायकॉलच्या कुळातल्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं, नावात ५ असलं तरी ५.१चं भावंड नव्हे, आणि या दोन कुळांची भेसळ करायची नाही. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मानकाप्रमाणे कोरडं डॉट ४ किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण पाणी शोषलेल्या स्थितीत हीच मर्यादा १५५° वर येते. म्हणून कपाटात वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली नव्या कामात ओतायची नाही. गार असताना पेडल झकास आणि लांब उतारावर अचानक तळाला, असं झालं तर ऑइल उकळून वाफ झालेली असते. वाफही हवेसारखीच दबते. आणि हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

दोष कुठल्या चाकात, हे कसं पकडायचं

सगळं करून पेडल अजूनही पटत नसेल, तर यंत्रणेचे तुकडे पाडायचे. रबरी होज दाबून बंद करण्यासाठी गुळगुळीत तोंडाचे क्लॅम्प मिळतात. (साध्या पकडीने होज चिमटू नका, आतून फाटते.) सगळ्या होज बंद करून पेडल दाबा. आता वर आणि टणक लागलं तर मास्टर सिलिंडर आणि तिथपर्यंतचे पाइप ठीक. तरीही मऊ असेल किंवा खाली सरकत असेल, तर चाकांपाशी वेळ घालवण्यात अर्थ नाही, दोष वरच आहे. पेडल टणक असेल तर एकेक क्लॅम्प काढत चला. ज्या चाकाचा काढल्यावर पेडल धपकन खाली येईल, ते चाक. तिथे हवा आहे की ढिलाई, ते दुहेरी दाबाने कळेल.

ब्रेक सुटत नसेल, चाक तापत असेल, तर असाच एक झटपट प्रयोग आहे. अडकलेल्या चाकाचं निपल क्षणभर उघडा. ऑइल पिचकारीसारखं सुटून चाक मोकळं झालं तर आत दाब कोंडलेला होता: होज आतून बुजलेली, किंवा मास्टर सिलिंडरकडून परतीची वाट बंद. निपल उघडूनही चाक अडकलेलंच राहिलं तर पिस्टन किंवा पिना जाम.

पेडल उलट कडक झालं तर

सगळेच मऊ पेडलची तक्रार करत नाहीत. जोर लावूनही गाडी थांबत नाही, पेडल लाकडासारखं, अशी स्थिती असेल तर आधी स्टार्ट करतानाची ती चाचणी. पेडल सरकलं नाही तर इंजिनकडून बूस्टरला येणारा व्हॅक्यूमचा पाइप बघा. मास्टर सिलिंडर काढताना तो बाजूला केलेला असतो आणि नीट न बसवता राहून जातो. इंजिन बंद करून काही मिनिटांनी पेडल दाबलं तर पहिले एक-दोन दाब तरी हलके लागायला हवेत. नाही लागले तर पाइपमधला एकदिशा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरत नाहीये, किंवा बूस्टरमध्येच गळती आहे.

बूस्टर ठीक असेल आणि तरी गाडी थांबत नसेल तर पॅडकडे या. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसायचा राहिला का? पॅडला ग्रीसचे हात लागले का? यातलं काही नसेल तर पॅड अजून मुरलेलेच नाहीत. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो, तोवर पकड अपुरीच असते. पॅडच्या कंपनीने पद्धत दिली असेल तर ती. नसेल तर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १०पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, मध्ये थोडं अंतर चालवून डिस्क निवू द्यायची, आणि गाडी पूर्ण थांबवून तापल्या डिस्कवर पॅड दाबून धरायचे नाहीत. धरले तर त्या जागी थर जाड बसतो आणि पुढे ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडतं. "डिस्क वाकली" असं आपण ज्याला म्हणतो ते बऱ्याचदा असा असमान थर किंवा जाडीतला शतांश मिलिमीटरांचा फरक असतो.

आणि शेवटी अशीही एक तक्रार येते जिच्यात दोष काहीच नसतो. झिजलेले शू, ढिली समायोजनं, थोडी हवा, असं सगळं घेऊन माणूस दोन-तीन वर्षं गाडी चालवतो. पेडल अर्ध्यावर गेल्यावरच ब्रेक लागतो, हे पायाने पाठ केलेलं असतं. मग एके दिवशी सगळं काम नीट होतं आणि पेडल दोन बोटं दाबताच घट्ट होतं. तो परत येतो: "ब्रेक फार कडक झालेत हो." स्टार्ट करताना पेडल सरकतंय, चाकं सोडल्यावर मोकळी फिरतायत, चारही चाकांची उष्णता सारखी आहे, एवढं बघायचं. मग त्याच मॉडेलची, ब्रेक चांगले असलेली दुसरी गाडी पाच मिनिटं चालवायला द्यायची.